सहा दहाचा पाळणा

सिनेमा सुरू झाला तोच मुळी शेवटापासून.
पहिल्याच दृश्यात शवपेटी, वर लिलीची फुलं,
आणि एक आवाज: "तो गेला, त्या दिवसापासून..."
त्सिउरी माझ्या कानाशी पुटपुटली,
"मेला म्हणे. आता दोन तास बसायचं कशाला?"
आणि सूर्यफुलाच्या बियांची पुडी उघडली.

गोष्ट माझी होती.
म्हणजे, माझ्याकडून नेलेली.
तीन दिवस तो तिब्लिसीचा लेखक बसला होता माझ्या केबिनमध्ये,
तरफेशेजारी, स्टुलावर, गुडघ्यावर वही.
होतं तेवढंच मी सांगितलं:
बावीस वर्षं मी पाळणा सोडायची
चियातुराच्या या कड्यावरून त्या कड्यावर,
खाली मँगनीजनं काळी झालेली नदी.
सकाळी सहा दहाला ओतिया यायचा, खाणीच्या पाळीला.
दाराची कडी मी बाहेरून लावायची
आणि काचेआडून तो दोन बोटं वर करायचा.
कधी म्हणायचा, "वारा आहे आज."
मी म्हणायची, "आहे."

लेखकानं विचारलं, मग?
मी म्हटलं, मग पाळणा सुटायचा.

पडद्यावर त्या वाऱ्याचं वादळ झालं.
पडद्यावरची मी पंचविशीची, नखं लाल,
ग्रीसचा डाग गालावर, हात मात्र लख्ख.
गोष्ट तीन काळांत चिरलेली,
आधी ती म्हातारी, मग मुलगी, मग मध्येच कुणाची तरी बायको,
केसांवरून ओळखायचं कुठलं साल ते.
त्यांनी एकमेकांकडे बघितलं की व्हायोलिन,
नाही बघितलं तरी व्हायोलिन.
आणि तो आवाज काही केल्या गप्प बसेना.
ती समोर रडत असताना सांगत होता,
ती रडत होती.

मध्ये एक जागा होती.
ती कडी लावते. त्याचा श्वास काचेवर उमटतो,
कडांकडून विरायला लागतो.
माझ्या घशाशी काहीतरी आलं.
वाटलं, आता थांबतील. इथं जरा थांबतील.
सभागृहात बिया फोडल्याचा आवाजसुद्धा बंद झाला होता.
तर नाही. लगेच दहा वर्षांपूर्वीचा बाजार,
डाळिंबं घरंगळतायत, कुणीतरी खिदळतंय.

शेवटी दोर तुटला.
तेव्हा मागच्या रांगेतून म्हातारा मेकॅनिक वालिको उठून ओरडला,
"ब्रेक कशाला असतात मग, गाढवांनो?"
सगळे हसले.
आम्ही हसत होतो तेव्हा तो दरीत पडत होता, सावकाश, फार सावकाश.

बाहेर थंडी. त्सिउरीनं हात माझ्या कोपरात अडकवला.
"खरं काय झालं होतं गं त्याचं?"
"दुपारची पाळी मिळाली त्याला."
"आणि?"
"दुपारी तरफेवर मारिखी असायची."

लेखकालाही हेच सांगितलं होतं.
त्यानं वहीत लिहिलं,
मग त्यावर रेघ मारली. मी पाहिलं.
त्याचंही बरोबर असेल.
मेलेल्या माणसाला फुलं वाहता येतात,
माणसं काळे कपडे घालून उभी करता येतात.
पाळी बदलल्यावर दाखवणार काय?
सहा दहा. रिकामा पाळणा. काच स्वच्छ.
रिकाम्यालाही कडी लावायची, असा नियम होता.
लावायची. सोडायची.
पलीकडे पोचेपर्यंत बघत राहायची,
तोही नियमच होता.

ओतिया आला होता आज.
चौथ्या रांगेत, बायकोशेजारी, टोपी मांडीवर.
पायऱ्या उतरताना गर्दीनं त्याला माझ्या बाजूला ढकललं.
कानांत केस वाढलेत त्याच्या.
"दोर असा तुटत नाही," तो म्हणाला.
मी म्हटलं, "नाही तुटत."